मापकाकूंचे सत्तेचाळीस कागद

मापकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मतदारयादीत बायकोचं नाव शोधायला गेलेला त्यांचा नवरा यादीवरून दोनदा बोट फिरवून परत आला आणि म्हणाला, "तुझं नाव गाळलंय." नाव होतं. त्यालाच ओळखू आलं नव्हतं.

बसथांब्यामागच्या इमारतीत जिन्याखाली त्यांचं दुकान. छत तिरकं, त्यामुळे उंच गिऱ्हाईक आधी कपाळ आपटायचं आणि मग माप द्यायचं. डावीकडे किल्ल्या करून देणारा, उजवीकडे झेरॉक्सवाला, मध्ये ही बायकांच्या कपड्यांची खोली. त्यात एक शिलाई मशीन, एक आरसा आणि एक नवरा. नवरा बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून इस्त्री आणि बटणं ही दोन खाती सांभाळत होता. बाई माप द्यायला आत आली की तो न सांगता बाहेर जायचा आणि किल्लीवाल्याशी राजकारण बोलायचा.

काकूंना खरं तर टेप लागत नसे. बाई दारात उभी राहिली की कंबर कळायची. टेप काढायच्या त्या बाईच्या समाधानासाठी. पण एक अडचण होती. टेप कमरेला टेकला की बाई श्वास आत ओढते, मग ती कॉलेजातली असो नाहीतर नातवंडांची. काकू त्यावर काही बोलायच्या नाहीत. टेप धरून हवेबद्दल विचारायच्या, "काय हो, गरम होतंय का आज?" उत्तर द्यायचं तर श्वास सोडावाच लागतो. तेवढ्यात त्या आकडा वाचून मोकळ्या.

नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कटिंगचे कागद भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. जाड, तपकिरी, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे. पूर्वी त्यावर नावं असायची. एकदा एका पोरीने भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचला आणि भर दुकानात मैत्रिणीला म्हणाली, "अगं, तू तर अठ्ठावीस सांगत होतीस." ती मैत्रीण पुन्हा आली नाही, आणि ती पोरगीही आली नाही. त्या दिवशी काकूंनी सगळी नावं खोडरबराने पुसली. त्याऐवजी जिचा तिचा पहिला ड्रेस शिवताना उरलेली चिंधी कागदाच्या कोपऱ्याला टाचून ठेवायला सुरुवात केली. कागद फाटून नवा केला तरी चिंधी जुनीच लावायची. काकूंना माणसाचा चेहरा एकवेळ आठवत नसे, कापड कधी विसरायच्या नाहीत. चिंधी बघितली की कागद कोणाचा ते कळायचं, आणि त्यांच्या मते ते फक्त त्यांनाच कळायचं.

कागदांवर आकड्यांशेजारी पेन्सिलीने बारीक टिपणं असत. "पोट दिसू नये." "उजवा खांदा उतरता, मुलं त्याच कडेवर वाढवली." "गळा दोन बोटं वर, समोर सासूबाई बसतात." "नवऱ्याला बाही लांब हवी, हिला नको. बटणावर निघेल अशी करणे." "लग्नापर्यंत तीन इंच उतरणार म्हणते. उतरणार नाही. शिवणीत माया जास्त ठेवली आहे, उसवून वाढवता येईल." हे सगळं कामापुरतं. दवाखान्यात कागदावर लिहितात तसं.

त्यातला एक कागद मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे दोन गल्ल्या पलीकडच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वीसेक वर्षांच्या जुन्या गिऱ्हाईक. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, त्या आल्या. दार लावून घेतलं, वरचा कोट काढला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. एका बाजूचा स्तन काढलेला होता. काकूंनी बघितलं आणि विचारलं, "वजन किती ठेवायचं? फार हलकं भरलं तर तो खांदा वर ओढला जाईल." मोठ्या बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हे मला डॉक्टरांनीसुद्धा विचारलं नाही." त्या दिवसापासून मोठ्या बाईंच्या प्रत्येक कपड्याला आतून कापसाची गादी असे, आणि ते तिघांनाच माहीत होतं. पुढे बाईंचे यजमान वारले. मग दोघीच राहिल्या.

काकूंची भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, मोठ्या शहरातून चित्रकला शिकून आली होती, पण चित्रं मात्र काढत नव्हती. आदल्या वर्षी तिने स्वतःच्या कापलेल्या केसांची दोरी वळून तिच्यावर लहानपणापासून ऐकलेली वाक्यं टांगली होती. 'पाय जुळवून बस.' 'इतकं मोठ्याने हसू नये.' 'उन्हात खेळू नकोस, काळी पडशील.' तिची आई ते बघून आली, आठवडाभर बोलली नाही आणि मग एवढंच म्हणाली, "दोरी चांगली वळलीये."

ही भाची एक दिवस दुकानात आली, कपाळ आपटलं, ते चोळत भिंतीकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. मग एकेक कागद वाचत गेली. चहा गार झाला.

"मावशी, हे काय आहे?"

"कटिंगचे कागद. काय असणार?"

"तुला कळतंय का तू काय लिहून ठेवलंयस? बाईच्या अंगावर कोणाकोणाची सत्ता चालते ते सगळं इथे आहे. सासूची, नवऱ्याची, आरशाची. मला हे हवेत. जसेच्या तसे टांगायचेत."

"लोकांच्या अंगाचे आकडे आहेत बाई ते."

"नाव आहे का कोणाचं?"

"नाव नाही."

"मग?"

खरं सांगायचं तर काकू फुशारल्या होत्या. तीस वर्षांत त्यांच्या अक्षराकडे कोणी असं बघितलं नव्हतं. नवऱ्याने दारातून सांगून बघितलं, "एकदा विचारून घे सगळ्यांना." काकू म्हणाल्या, "सत्तेचाळीस जणींना? मग झालंच प्रदर्शन." भाची कागद उतरवू लागली. मोठ्या बाईंचा कागद आला तेव्हा काकूंनी तो काढून मशीनवर ठेवला. भाचीने उचलून वाचला आणि खाली बसली. "मावशी, हा तर हवाच. बाकीचे एकवेळ नसले तरी चालतील." काकूंनी कागदाकडे बघितलं. नाव नव्हतं. "बरं," म्हणाल्या.

प्रदर्शन जुन्या छापखान्याच्या गोदामात होतं. शनिवारी संध्याकाळी काकू गेल्या आणि दारातच थबकल्या. छतापासून दोऱ्यांवर टांगलेले कागद, प्रत्येकाचा खांदा जिच्या तिच्या उंचीवर. पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू वळत होते. गर्दीत बायका उभ्या असाव्यात आणि कोणी तरी हाक मारावी तसे. नवरा भिंतीवरची पाटी वाचत होता. "'स्त्रीदेहावर लिहिलेल्या सूचनांचा दस्तऐवज.' ऐकलंस? आणि मी त्याच्याखाली बसून इतकी वर्षं बटणं लावतोय."

अर्धा तास छान गेला. अनोळखी लोक येऊन काकूंचा हात हातात घेत होते. मग पहिल्या रांगेतून पोस्टातल्या बाईंचा आवाज आला. या पोस्टाच्या खिडकीत बसतात, त्यामुळे कोणाला कोणाचं पत्र येतं इथपासून कोणाला येत नाही इथपर्यंत सगळं त्यांना ठाऊक.

"अगंबाई, हा माझा. हे पिवळं फुलाफुलाचं माझंच. 'पोट दिसू नये.' खरं सांगा, दिसत होतं का?" सगळ्या हसल्या. त्याही हसल्या. "आणि हा निळ्या रेघांचा बँकेतल्या ताईंचा. बघू, बघू. 'समोर सासूबाई बसतात.' ताई, इकडे या, तुमच्या सासूबाई इथे लटकल्यात."

बघता बघता खेळच सुरू झाला. हे चॉकलेटी कोणाचं, ते हिरवं कोणाचं. एकमेकींच्या चिंध्या ओळखून बायका टाळ्या देत होत्या. आधी काकूही हसल्या. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यांतल्या चिंध्यांकडे गेलं. बायका एकमेकींची आडनावं विसरतील, कोणी कोणत्या समारंभाला काय घातलं होतं ते विसरत नाहीत. हे जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, ती बाई आयुष्यभर त्यांचे कपडेच शिवत आली होती.

मोठ्या बाईंचा कागद शेवटच्या रांगेत होता. काकू पळाल्या नाहीत, पण चालल्याही नाहीत. त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि मागे हात नेऊन चिंधी मुठीत धरली. तशा दीड तास. कोणी विचारलं, "काकू, पाय दुखतील, खुर्ची आणू?" तर म्हणाल्या, "नको, इथे वारा बरा येतो." भाची एका वार्ताहराला घेऊन आली. "मावशी, जरा सरक ना, तुझ्यामागचा दाखवायचाय."

"मी नाही सरकत."

"मावशी."

"दुसरे सेहेचाळीस आहेत. ते दाखव."

गोदाम रिकामं झालं तेव्हा काकूंची मूठ उघडता उघडेना. टाचणी तळव्यात शिरली होती.

"हा काढ," त्या म्हणाल्या.

"मावशी, लोक सगळ्यांत जास्त वेळ याच्यापुढे थांबणार होते. एक बाई अकरा वर्षं आत कापूस भरून उभी राहते. का? तर बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. हे असं आपण लपवत राहिलो म्हणूनच तर..."

"आपण नाही लपवलं. तिने लपवलं. तुझं त्यात काही नाही आणि माझंही नाही."

"पण दिलास तूच ना?"

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळे काकूंना जास्त राग आला. भाचीने स्टुलावर चढून दोरा कापला. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. कागदाची गुंडाळी मावशीच्या हातात देताना ती म्हणाली, "मला वाटलं होतं मी तिच्या बाजूने बोलतेय."

"मलाही वाटलं होतं," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी दुकान उघडतात न उघडतात तोच पोस्टातल्या बाई स्कर्टची उसवलेली किनार घेऊन हजर. किनार चार टाक्यांची होती. घरी झाली असती.

"काकू, एक विचारू? रागवायचं नाही. काल तुम्ही दीड तास शेवटच्या रांगेत उभ्या होतात. बाकीच्या कागदांची तुम्हाला काही काळजी नव्हती."

काकूंनी सुई ओवली.

"मोठ्या बाईंचा ना तो? तुमच्या मुठीतून टोक दिसत होतं. जांभळ्यावर पांढरे बारीक ठिपके. बक्षीस समारंभाला सात वर्षं तोच ड्रेस घालायच्या. माझ्या मुलीला बक्षीस देतानाचा फोटो आहे ना, त्यात तोच."

"कागदावरचं वाचलंत?"

"ते तुम्ही तिथे यायच्या आधीच वाचलं होतं. तेव्हा चिंधीकडे लक्ष गेलं नव्हतं. म्हटलं, असेल कोणी बिचारी. तुम्ही येऊन उभ्या राहिलात तेव्हा वाटलं, एवढं जपावं असं कोणाचं असेल." पोस्टातल्या बाईंचा आवाज खाली आला होता. त्या दुष्ट नव्हत्या, हीच मोठी पंचाईत होती. "मला रात्रभर वाईट वाटत होतं हो. एवढं सोसलं आणि कोणाला कळू दिलं नाही."

"कोणाला बोललात?"

"मी कशाला बोलू? मुलीशी बोलले फक्त, फोनवर."

"तुमची मुलगी आणि बाईंची मुलगी एका वर्गातल्या ना?"

"हो ना. अजून रोज फोन असतो दोघींचा," पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

काकूंनी किनार तशीच सोडली. नवऱ्याने इस्त्रीची वायर काढली. "मी येऊ?"

"तुम्ही येऊन काय करणार? दुकान बघा."

मोठ्या बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि लाल पेन. काकूंच्या हातातली गुंडाळी बघून त्यांना वाटलं, नव्या कोटाचं काही असेल. "बसा. मी मुंढ्याबद्दल सांगणारच होते, काखेत जरा घट्ट होतोय."

काकू बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. भाची, नाव नसलेला कागद, चिंधी, मूठ, पोस्टातल्या बाई. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक वाक्याला 'नाव नव्हतं हो' असं म्हणतोय. मग ते म्हणायचं थांबवलं.

मोठ्या बाईंनी गुंडाळी घेतली आणि उत्तरपत्रिका बाजूला सारून टेबलावर पसरली. आपला कागद त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. टिपणं वेगवेगळ्या वर्षांची होती, कुठे पेन्सिल ठळक, कुठे पुसट. "फळ्यावर लिहिताना हात वर जातो, गादी सरकता कामा नये." "गादी दर सहा महिन्यांनी बदलणे, त्या सांगणार नाहीत." "या वर्षी वजन उतरलंय. विचारायचं नाही." "यजमान गेले. मापं चार महिने घेऊ नयेत, जुन्यावरच शिवणे." मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं, उत्तरपत्रिका वाचावी तसं, ओळीखाली बोट धरून.

"इतकं सगळं लिहून ठेवलंत," त्या म्हणाल्या. "आणि मला एक प्रश्न विचारायला नाही सुचला?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणजे काय? माझ्या शाळेत मुली शाई सांडली की चुकलं म्हणतात."

काकू खाली बघत राहिल्या. खाली फरशी होती, काही मदत करण्यासारखी नव्हती.

"तेव्हा मुलीचं लग्न ठरत होतं," मोठ्या बाई कागदाकडे बघतच बोलू लागल्या. "आईला झालं म्हणजे लेकीलाही होणार, असं कोणी म्हटलं असतं तर? म्हणून नाही सांगितलं. तिलाही नाही. तिला सांगितलं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. लग्न झालं. म्हटलं, आता सांगू. तर तिला दिवस गेले. मग बाळ लहान. दर वेळी काही तरी असायचंच. डॉक्टर दरवर्षी विचारतात, मुलीला सांगितलंत ना, तिची तपासणी होते ना. मी दरवर्षी हो म्हणते." त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं. "पस्तिशीची झाली ती."

हे काकूंना माहीत नव्हतं. मापं सगळी माहीत होती, हे नव्हतं.

"आता फोन करा," काकू म्हणाल्या. "अजून तिच्यापर्यंत गेलं नसेल."

"तुम्ही बसा. तुम्ही गेलात तर माझ्याने होणार नाही. पण बोलू नका."

काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मोठ्या बाईंनी फोन लावला. दोनदा वाजताच उचलला गेला, जणू कोणी हातात धरूनच बसलं होतं. खोली लहान होती, पलीकडचा आवाज काकूंना ऐकू येत होता.

"अगं, तुला एक सांगायचं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काल रात्रीच कळलं आई."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले.

"पोस्टातल्या बाईंच्या मुलीने फोन केला. तिच्या आईने बघितलं म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस, माझ्या आईचं मला माहीत नसेल का? भांडले मी तिच्याशी." पलीकडे कुठे तरी भांडं पडलं, लहान मूल काही तरी विचारत होतं, त्याला "थांब" म्हटलेलं ऐकू आलं. "कपडे शिवणाऱ्या काकूंना माहीत होतं ना? अकरा वर्षं?"

"हो."

"त्या आहेत का तिथे?"

मोठ्या बाईंनी काकूंकडे बघितलं आणि फोन पुढे केला. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"बोल बाळा."

"काकू, मी उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे. ते विचारतील. आईला काय झालं होतं, कधी, कुठल्या बाजूला. मला काहीच सांगता येणार नाही." आवाज चढला, मग बसला. "तुम्हाला सगळं माहितीये. कुठली बाजू होती?"

उत्तर काकूंच्या जिभेवर होतं. समोर टेबलावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलंही होतं. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं आणि एकदा मोठ्या बाईंकडे.

"ते आईला विचार," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

मोठ्या बाईंनी फोन कानाला लावला. खिडकीबाहेर बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. पलीकडे मुलगी वाट बघत होती.

"डावी," मोठ्या बाई म्हणाल्या. मग घसा साफ करून, वर्गात म्हणायच्या तसं, पुन्हा एकदा स्पष्ट म्हणाल्या, "डावी. लिहून घे. आता पुढचं सांगते."

काकू उठल्या, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागल्या. पुढचा कोट बाई आपल्याकडे शिवायला देतील की नाही, हे विचारायची सोय नव्हती.